किल्ल्यातली मिझेरिकोर्दिया

वसईच्या किल्ल्यात हल्ली रविवारी गेलं की लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या जोडप्यांमधून वाट काढावी लागते. पडक्या कमानीखाली मुलगी लांब झग्यात उभी, समोर छत्री धरलेला माणूस, आणि एक जण जमिनीवर आडवा पडून कॅमेरा रोखतोय. मला त्यात काही वाईट वाटत नाही. पडक्या भिंतींचा काहीतरी उपयोग होतोय, एवढंच. पण कोणी सोबत पाहुणे असले की ते विचारतात, ही कुठली इमारत, ती कुठली? मग मी शाळेतल्या सवयीने सांगत सुटते. हे जेझुइटांचं येशूच्या पवित्र नावाचं चर्च, आपण त्याला गोन्सालो गार्सियाचं देऊळ म्हणतो. ते डॉमिनिकनांचं, हे फ्रान्सिस्कनांचं, तो उंच मनोरा संत जोसेफच्या देवळाचा, इकडे चिमाजीअप्पांचा पुतळा. ऐकणारे माना डोलावतात आणि विसरतात. मीही पूर्वी एवढंच सांगायची.

या किल्ल्यात आणखी एक संस्था होती, जिच्याबद्दल कोणी विचारत नाही. तिचं नाव सांता काझा दा मिझेरिकोर्दिया. मराठीत म्हणायचं तर 'दयेचं पवित्र घर'. डॉ. जर्सन द कुन्हा यांनी 1876 साली चौल-वसईच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यात किल्ल्यातल्या बाकीच्या वास्तूंबरोबर हिचाही उल्लेख येतो. ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा या शब्दापाशी अडकले होते. मिझेरिकोर्दिया हा शब्द लॅटिनमधला, दीन आणि हृदय असे दोन शब्द त्यात आहेत. दीनाला आपल्या काळजात जागा देणं असा अर्थ काढता येतो. आपला 'कळवळा' त्याच्या जवळ जातो. 'दया' शब्दात थोडं वरून खाली बघणं येतं, कळवळ्यात ते येत नाही. असो, मराठीच्या बाईंचं व्याकरण सुरू झालं!

तर ही संस्था काय होती? 1498 मध्ये, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचला त्याच वर्षी, लिस्बनमध्ये राणी लिओनोरच्या पुढाकाराने हा बंधुसंघ स्थापन झाला. सामान्य संसारी माणसांचा संघ, धर्मगुरूंचा नव्हे. कॅथोलिक परंपरेत दयेची चौदा कामं सांगितली आहेत, सात शरीराची आणि सात आत्म्याची. भुकेल्याला जेवण, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची शुश्रूषा, कैद्याची भेट, मृताला मूठमाती, ही त्यातली ठळक. धर्मशिक्षणाच्या तासाला आम्ही ही पाढ्यांसारखी पाठ केली होती. 'अपराध क्षमा करणे' हेही त्यात होतं, पण ते आत्म्याच्या यादीत, आणि ती यादी म्हणताना आमची गाडी नेहमी अडखळायची.

पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे हा संघ त्यांच्याबरोबर गेला. गोवा, कोची, चौल, वसई, दमण, दीव, मकाव, अगदी जपानमधल्या नागासाकीपर्यंत. मकावमध्ये तर तो आजही आहे. विधवांना मदत, अनाथ मुलींच्या लग्नाला हुंडा, इस्पितळं, हे सगळं ते बघायचेच. पण मला सगळ्यात विलक्षण वाटलं ते त्यांचं तुरुंगातलं आणि वधस्तंभापाशीचं काम. त्या काळी कैद्याला सरकार जेवण देत नसे. घरून आलं तर खायचं, नाहीतर कोणाच्या तरी दयेवर जगायचं. हे लोक तुरुंगात अन्न घेऊन जात. आणि ज्याला फाशी द्यायची असेल त्याच्याबरोबर काळे झगे घालून, क्रूस धरून शेवटपर्यंत चालत जात.

फाशी गेलेल्यांचं प्रेत त्या काळी तसंच लटकत ठेवायची पद्धत होती, लोकांना जरब बसावी म्हणून. लिस्बनच्या संघाला राजाने परवानगी दिली की वर्षातून एकदा, एक नोव्हेंबरला सर्व संतांच्या सणाला, त्यांनी वधस्तंभाखालची हाडं गोळा करून मिरवणुकीने न्यावीत आणि मूठमाती द्यावी. डोळ्यांसमोर आणून बघा. सणाचा दिवस आहे, गावातली प्रतिष्ठित माणसं झगे घालून निघाली आहेत आणि चोर-खुन्यांची हाडं खांद्यावरून वाहून नेत आहेत! पोर्तुगीज भाषेत 'मिझेरिकोर्दियाच्या निशाणाने वाचला' असा एक वाक्प्रचारच आहे. फाशीचा दोर तुटला तर हे बंधू त्या माणसावर आपलं निशाण पांघरत आणि मग त्याला पुन्हा फाशी देत नसत, त्यावरून तो आला.

पण ही संस्था देवदूतांची होती असं समजू नका. सभासद निम्मे उमराव आणि निम्मे कारागीर. आणि पुढे नियमात 'रक्तशुद्धी'ची अट आली. ज्यांच्या घराण्यात ज्यू किंवा मुसलमान रक्त आहे असा संशय, त्यांना आत प्रवेश नाही. हाडं चोराची चालतील, सभासद मात्र शुद्ध रक्ताचा हवा. आपल्याकडे हे वाचून आश्चर्य वाटायचं कारण नाही. देवळातल्या बाकांवर कोण पुढे बसायचं आणि कोण मागे, कोणत्या जातीच्या ख्रिस्ती घरात मुलगी द्यायची आणि कोणत्या नाही, याचे हिशेब आमच्या वसईतही पिढ्यान्‌पिढ्या चालले.

आता याच किल्ल्यातली दुसरी बाजू.

गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय आलं. मधली काही वर्षं सोडली तर ते 1812 पर्यंत चाललं. उत्तरेकडच्या ठाण्यांमध्ये, वसईतही, त्याचा प्रतिनिधी असे. त्याचं काम तक्रारी ऐकायचं आणि माणसं गोव्याला पाठवायचं. या न्यायालयाने सोळा हजारांहून जास्त माणसांचे खटले चालवले. त्यात गोऱ्या पोर्तुगिजांपेक्षा इथले बाटलेले लोक, त्यांच्या बारशा-लग्नातल्या जुन्या रूढी, तुळस, उपवास अशा गोष्टी फार. प्रा. अ. का. प्रियोळकरांनी 1961 साली यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. मराठी मुद्रणाचा इतिहास शोधणारा हा अभ्यासक या विषयाकडे वळला, हे मला फार मोलाचं वाटतं. आम्हा वसईकर ख्रिस्ती लोकांना ते पुस्तक वाचायला जड जातं. पण वाचावं.

त्यात शार्ल दलों नावाच्या फ्रेंच वैद्याची हकीकत आहे. हा तरुण दमणला राहत होता. बोलायला मोकळा. बाप्तिस्म्याबद्दल काही बोलला, मूर्तीला मुका देण्याबद्दल काही बोलला, आणि धर्मन्यायाधीशांच्या हातूनही चूक होऊ शकते असं बोलला. शिवाय दमणच्या सुभेदाराचा त्याच्यावर वैयक्तिक राग होता, तोही एका बाईवरून, असं त्याचं म्हणणं. आपल्याविषयी कुजबुज चालली आहे हे कळल्यावर तो स्वतःच तिथल्या प्रतिनिधीकडे गेला आणि काय बोललो ते सांगून आला. त्याला वाटलं, मन मोकळं केलं, मिटलं. 1673 मध्ये त्याला पकडलं. 1674 च्या सुरुवातीला गोव्याला नेताना वाटेत वसईच्या तुरुंगात ठेवलं. म्हणजे जिथे आज आपण भेळ खात फिरतो त्याच तटाच्या आत तो होता. मिझेरिकोर्दियाची इमारत तिथून हाकेच्या अंतरावर असणार, कारण किल्ला मुळात आहेच केवढा!

गोव्याच्या कोठडीत त्याला सगळ्यात जास्त कशाने छळलं असेल तर आरोप न सांगण्याने. तिथली पद्धतच तशी होती. तक्रार कोणी केली ते सांगायचं नाही, काय केली तेही नीट सांगायचं नाही. आरोपीने स्वतःच आठवून आठवून आपली पापं सांगायची. बरोबर ओळखलं नाही तर परत कोठडीत. दोन वर्षांच्या आसपास हे चाललं. त्या एकांतात दलोंने एकदा नव्हे, अनेकदा स्वतःचा जीव घ्यायचा प्रयत्न केला. शेवटी त्याच्यावर लक्ष ठेवायला दुसरा एक कैदी त्याच्या कोठडीत आणून ठेवावा लागला. 1676 च्या जानेवारीत त्याची शिक्षा जाहीर झाली, पोर्तुगालच्या गलबतांवर पाच वर्षं सक्तमजुरी. ती पूर्ण व्हायच्या आत सुटका झाली आणि 1687 मध्ये त्याने हे सगळं छापलं. नाहीतर कोठडीच्या आतलं आपल्याला कोण सांगणार होतं?

शिक्षा जाहीर करायच्या त्या मिरवणुकीपुढे धर्मन्यायालयाचं निशाण असे. दलोंने त्याचं वर्णन केलं आहे. निशाणावर संत डॉमिनिक, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ऑलिव्हची फांदी. आणि शब्द दोन, न्याय आणि दया. लॅटिनमध्ये दयेसाठी तोच शब्द, मिझेरिकोर्दिया.

वाचताना मी इथे पुस्तक मिटून ठेवलं होतं. एकाच शब्दाची दोन निशाणं! एक फाशीतून वाचलेल्यावर पांघरायचं, आणि एक माणसांना जाळायला नेताना पुढे धरायचं. आणि ज्याला जाळायचं त्याला सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली करताना धर्मन्यायालय रीतसर विनंती करायचं की याच्याशी दयेने वागा. विनंती करणाऱ्यालाही पुढे काय होणार ते ठाऊक, ऐकणाऱ्यालाही ठाऊक. मग म्हणायचं कशाला? माझा अंदाज असा की शुभवर्तमानात जे स्पष्ट लिहिलं आहे ते अगदीच नाकारता येत नव्हतं. म्हणून शब्द ठेवला.

काय लिहिलं आहे ते हिंदू वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मत्तयच्या सातव्या अध्यायात येशू सांगतो की दुसऱ्याचा न्याय करू नका, ज्या मापाने मोजाल त्याच मापाने तुम्हाला मोजलं जाईल. आणि मग कुसळ आणि मुसळाचा दाखला देतो. आपण मराठीत उठसूट वापरतो ती म्हण, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसणारी, तिच्यातलं चित्र तेच आहे. वर्गात मी हे सांगितलं की मुलं चकित व्हायची. मूळ ग्रीक शब्द घराच्या तुळईसाठीचा आहे. डोळ्यात तुळई! पण मराठीत कुसळाशी मुसळाचं यमक जुळलं आणि सुताराच्या घरातली तुळई आपल्या उखळापाशी आली.

दुसरा प्रसंग योहानाच्या आठव्या अध्यायातला. व्यभिचारात पकडलेली एक बाई लोक येशूपुढे उभी करतात. नियमाप्रमाणे दगडमार. (पकडताना पुरुष कुठे गेला, हा प्रश्न माझ्या विद्यार्थिनी दरवर्षी विचारायच्या आणि मी दरवर्षी त्यांना शाबासकी द्यायची.) येशू खाली वाकून बोटाने जमिनीवर काहीतरी लिहीत बसतो. लोकांनी फारच लावून धरलं तेव्हा म्हणतो, तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने सुरुवात करावी. म्हातारे आधी निघून जातात, मग बाकीचे. शेवटी तो तिला म्हणतो की मीही तुला शिक्षा ठरवत नाही, जा, आणि पुन्हा पाप करू नकोस. आमचे काही प्रवचनकार या शेवटच्या भागावर इतका भर देतात की आधीचं सगळं त्यात बुडून जातं.

पण या प्रसंगाची स्वतःची एक कथा आहे, आणि ती मला म्हातारपणी कळली. शुभवर्तमानाच्या सर्वात जुन्या चांगल्या हस्तलिखितांत हा उताराच नाही! चौथ्या शतकातली सिनायची आणि व्हॅटिकनची प्रत बघा, दोन्हींत नाही. अभ्यासक म्हणतात की ही गोष्ट जुनी असावी, पण योहानाच्या ग्रंथात ती नंतर बसवली गेली. संत ऑगस्टिनचं मत वेगळं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने लिहिलं की काही अल्पविश्वासी लोकांनीच हा भाग आपल्या प्रतींतून काढून टाकला असावा, कारण त्यांना भीती वाटली की हे वाचून आपल्या बायकांना पापाची मुभा मिळेल. ऑगस्टिनचा तर्क आज फारसे अभ्यासक मान्य करत नाहीत. तरीही त्या काळातल्या नवऱ्यांच्या मनाबद्दल तो बरंच सांगून जातो. क्षमेची गोष्ट ऐकवली तर लोक बिघडतील, हे भय सोळाशे वर्षांपूर्वीचं आहे, आणि मागच्या महिन्यातलंही आहे. त्याकडे मी येतेच.

त्याआधी 1739. वसईच्या मोहिमेमागे राजकारण होतंच, पण अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या इथल्या लोकांची गाऱ्हाणीही होती, आणि त्यात धर्माच्या जाचाचं गाऱ्हाणं मोठं होतं. ज्यांना छळलं ते आता जिंकून आत येणार होते. मराठ्यांची हजारो माणसं तटाखाली पडली होती. अशा वेळी विजयी सैन्य काय करतं ते इतिहासात ठिकठिकाणी आहे. चिमाजीअप्पांनी मे महिन्यात जे तहाचे कलम मान्य केले त्यांत पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, वाजतगाजत बाहेर पडायची मुभा होती, आणि जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक होती. नंतर सगळं सुरळीत झालं असं मी म्हणत नाही. देवळं ओस पडली, कित्येक मोडली, घंटा दूर दूर गेल्या, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे. युरोपियन पाद्री गेले आणि इथल्याच मातीतल्या धर्मगुरूंनी उरलेला कळप सांभाळला. पण आम्ही उरलो. अडीचशे वर्षांनी 1998 मध्ये वसईला स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तो त्या उरलेल्यांमुळे. धर्मन्यायालयाचा हिशेब आमच्या पूर्वजांकडून वसूल करायचा असं जर त्या मे महिन्यात ठरलं असतं, तर हे लिहायला मी नसते. आमच्या प्रवचनांत पेशव्यांच्या या कलमाचा उल्लेख मी आजवर कधी ऐकला नाही. व्हायला हवा.

बायबल वाचून दयेचा अर्थ मराठी माणसाला कोणी प्रत्यक्ष करून दाखवला असं मला विचाराल तर मी पंडिता रमाबाईंचं नाव घेईन. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या. त्या सिस्टरांनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला आपल्या संस्थेत पाठवलं. तिथे 'पतित' म्हटल्या जाणाऱ्या बायकांना सांभाळत. रमाबाई शास्त्र शिकलेल्या. अशा बाईला धर्म काय शिक्षा सांगतो ते त्यांना मुखोद्गत होतं. शिक्षेऐवजी कोणी त्यांची सेवा करतं हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. का करता, असं त्यांनी एका सिस्टरला विचारलं, तेव्हा तिने योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली ती बाई. रमाबाईंच्या धर्मांतरामागे पुष्कळ वाचन आणि वाद आहेत, पण त्यांनी स्वतःच्या आत्मकथनात या भेटीला मोठं स्थान दिलं आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे त्यांच्याच वाट्याला काय आलं? 1893 मध्ये पुण्यात शारदा सदनावर गदारोळ झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारख्यांनीही सल्लागारपद सोडलं. ही झाली हिंदूंची बाजू. आणि ज्या वाँटेजच्या सिस्टरांनी दयेचा धडा दिला त्यांनीच रमाबाईंना गर्विष्ठ, हट्टी ठरवलं, कारण रमाबाई प्रश्न विचारायच्या. सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. दोन्हीकडून न्यायनिवाडा! आणि या बाईने काय केलं, तर 1899 मध्ये केडगावला मुक्तिसदनाच्या जोडीला 'कृपासदन' काढलं, फुलहॅमला पाहिलं होतं तसंच, ज्यांना कुठेच थारा नव्हता त्या बायकांसाठी. नाव किती नेमकं आहे बघा. मिझेरिकोर्दियाला याहून चांगला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही.

आता ते मागच्या महिन्यातलं.

आमच्या नात्यातला एक तरुण मुलगा यंदा उपवासकाळात आपल्याच हाताने गेला. माझ्या नातेवाइकांपैकी जे हे वाचतात त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांनी कोण ते विचारू नये. त्याचा अंत्यविधी देवळात झाला, मिस्सा झाली, मरणाची घंटा वाजली, आणि आम्ही सगळे त्याच्यामागून दफनभूमीपर्यंत चालत गेलो. काही दिवसांनी घरच्यांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं की पूर्वी अशांना देवळात आणत नसत ते बरं होतं, आता सगळ्यांनाच सारखा मान दिला तर पोरांना धाक कसला राहणार? त्याखाली चार अंगठे आले. मग कोणी तरी सुविचार टाकला आणि विषय बुडाला. त्या मुलाची आई त्याच ग्रुपमध्ये आहे.

लिहिणारा माणूस वाईट नाही. तो पूर्वीचं जे म्हणतो ते मी पाहिलेलं आहे. त्याने पाहिलेलं नाही, तो माझ्याहून वीस वर्षांनी लहान.

मी पाचवीत असेन, म्हणजे 1961-62. वाडीतल्या एका बाईने स्वतःचा जीव घेतला. गाव आणि देऊळ मी सांगणार नाही. तिला देवळात आणलं नाही. घंटा वाजली नाही, आणि ही गोष्ट आम्हा मुलांच्या लगेच लक्षात आली, कारण गावात कोणी गेलं की घंटेच्या ठोक्यांवरून आम्हाला आधी कळायचं. दफनभूमीच्या भिंतीबाहेर, करवंदीच्या जाळीजवळ खड्डा खणला. चार पुरुष आणि तिचा भाऊ. धर्मगुरू नाहीत. माझी आजी घरी ओट्यावर बसून एकटीच रोझरी म्हणत होती आणि मला म्हणाली, तू कोणाला सांगू नकोस मी कोणासाठी म्हणतेय ते. त्या बाईला दोन मुली होत्या. मोठी माझ्याच वर्गात. पुढे कितीतरी वर्षं तिच्या लग्नाच्या बोलण्यात ती भिंत आडवी येत राहिली.

तेव्हाचा चर्चचा कायदा 1917 चा होता. त्याच्या 1240 व्या कलमात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारलेलं होतं. पण कलम नीट वाचलं तर त्यातही वाट होती. मरणापूर्वी पश्चात्तापाचं काही चिन्ह दिसलं असेल तर दफन द्यायला हरकत नव्हती, आणि मन ताळ्यावर नसताना केलेलं ते जाणूनबुजून नव्हे, असा अर्थ पुष्कळ धर्मगुरू लावत. म्हणजे 1961 मध्येसुद्धा ती बाई भिंतीच्या आत येऊ शकली असती. कायद्याने तिला जेवढं बाहेर ठेवलं त्याहून जास्त गावाने ठेवलं. 'धाक राहिला पाहिजे' हे वाक्य तेव्हाही कोणी तरी बोललं असणारच.

1983 च्या नव्या कायद्यात दफन नाकारायच्या यादीतून आत्महत्या काढून टाकली. 1992 च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथाने सांगितलं की मनाचे तीव्र आजार, भय, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशांच्या तारणाबद्दल आशा सोडू नये, चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर 2015 ते नोव्हेंबर 2016 हे दयेचं वर्ष पाळायला लावलं आणि संपताना जे पत्र लिहिलं त्याला नाव दिलं 'मिझेरिकोर्दिया एत मिझेरा', दया आणि दीन स्त्री. ते शब्द ऑगस्टिनचे, दगडमारातून वाचलेल्या त्याच बाईविषयीचे. देशाचा कायदाही त्याच दिशेने गेला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं. आणि 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा त्याला गुन्हेगार ठरवणारं जुनं 309 कलम तिच्यात घेतलं गेलं नाही.

धाकाबद्दल मात्र मला एवढंच विचारायचं आहे. त्या बाईला 1961 मध्ये धाक नव्हता का? पुरेपूर होता. नरकाची चित्रं आमच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात रंगीत होती. दलोंला धाक नव्हता का? तो तर धाकाच्याच कोठडीत होता, आणि तिथेच त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. त्याला वाचवलं ते रखवालीला आणून बसवलेल्या एका कैद्याच्या सोबतीने. हे इन्क्विझिशनला सुचलं, ते आपल्याला सुचू नये? मुलाच्या आईकडे जाऊन बसा. मेसेज टाकू नका. तिला चहासुद्धा करून घ्यायची शुद्ध नाही, तर भाकरी घेऊन जा. केळीचा लोंगर घेऊन जा, आपल्या वाडीत काय कमी आहे? मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. बाकीचे वार रिकामे आहेत.

त्या दफनभूमीचं सांगायचं राहिलं. लोकवस्ती वाढली तशी जागा अपुरी पडू लागली, म्हणून पुढे केव्हातरी जुनी भिंत पाडून दहा-बारा हात पलीकडे नवी बांधली. करवंदीची जाळी गेली. खड्ड्याची जागा भिंतीच्या आत आली. त्यावर कोणी ठराव केला नाही, कोणी पाणी शिंपडलं नाही, गवंड्याने दोरी लावली आणि झालं. माझ्या वर्गातली ती मैत्रीण आता नालासोपाऱ्याला लेकाकडे असते. दोन नोव्हेंबरला सर्व मृतांच्या स्मरणदिनी ती येते, आणि आम्ही दोघी अंदाजाने एका ठिकाणी मेणबत्ती लावतो. शेजारच्या थडग्यांचे लोक आम्हाला सरकून जागा देतात. कोणाची कबर आहे ते अजून कोणी विचारलेलं नाही.